पेटीवरून दिलेल्या मुली

माझ्या भावाला, ग्रॅनव्हिलला, गालफुगी झाली तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. गाल उतरले, पण पुढे कितीतरी दिवस तो खुराड्याच्या जाळीला धरून पाय फाकवून चालायचा. आम्ही दोघी बहिणी मागून तसंच चालून दाखवायचो. त्याला कुठे दुखतंय हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

*

नारळाचं पाणी, जिन, वरून डब्यातलं घट्ट दूध, किसलेलं जायफळ. बर्फ असेल तर बर्फ. ग्रॅनव्हिल म्हणतो, यात नारळ आहे, म्हणजे हे फळातच धरायचं.

*

होडीच्या बरगड्यांना सरळ लाकूड चालत नाही. तो बाक ज्या फांदीत जन्मापासून आहे तीच रानात शोधावी लागते. सरळ लाकूड बळेच वाकवलं, तर कधीतरी भर समुद्रात त्याला आपला मूळ आकार आठवतो.

*

आईच्या शवपेटीच्या एका बाजूला मावशी उभी होती, दुसऱ्या बाजूला पाद्रीबाई. मेलेलं माणूस पोरांच्या मागे येऊ नये म्हणून पोरांना पेटीवरून पलीकडे देतात. मावशीने मला काखेत धरून उचललं आणि दिलं. मग ओलिव्हला, माझ्या मोठ्या बहिणीला. मग ग्रॅनव्हिलने हात वर केले. मावशी म्हणाली, "तू नको. तू मुलगा आहेस. या दुखण्याचं तुझ्याकडे काय काम?" ती वळली तरी त्याचे हात थोडा वेळ तसेच वर होते.

*

आजोबांचा, आईच्या वडिलांचा, एकच फोटो आहे. पापा एनॉक नव्या होडीला टेकून उभे आहेत. ऊन इतकं की डोळे दिसत नाहीत. अंगात एकावर एक दोन शर्ट.

*

मर्टिस एल्युथेरा बेटावरची. ग्रॅनव्हिलने तिला नाचात पाहिलं, मग तिची आई पाहिली, मग आजी, मग सगळ्या मावश्या. सगळ्या जिवंत, सगळ्या भरल्या अंगाच्या. मग मागणी घातली.

*

या गोष्टी मी कधी एका ओळीत ठेवल्या नव्हत्या. त्या ओळीत ठेवल्या नर्स स्टब्सने, आणि तिलाही ते माहीत नव्हतं. ती फक्त प्रश्न विचारत होती.

पण आधी वास.

आमच्या घरातल्या बायका छातीने जातात. गावात हे सहज म्हणतात, एखाद्या घरात सगळे डावखुरे असतात तसं. आई गेली, मग मावशी, मग ओलिव्ह. दर वेळी आधी घरात वास आला: जवसाचं तेल आणि खडूची भुकटी एकत्र मळून होडीच्या फटी बुजवायचा लेप करतात, त्याचा. पापा एनॉक हयातभर तो लेप मळत. म्हणून मावशी म्हणायची, पापा आले, मुलीला न्यायला. स्वतःच्या वेळीही तिनेच पहिल्यांदा ओळखलं. जेवताना तिने काटा खाली ठेवला, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "आले. आज लवकर आले." मग उरलेला मासा संपवला.

ग्रॅनव्हिलही होड्याच बांधतो, पण तो डब्यातला तयार लेप वापरतो. जवसाचं तेल आमच्या दुकानात कित्येक वर्षांत आलेलं नाही.

ईस्टर होऊन गेला होता. मी जॉनी केक, आमचा जाड गोडसर पाव, भट्टीत घातला, दार लावलं आणि मागे वळले तर वास. भट्टीतून नाही. माझ्या पाठीमागे कोणी हात पुसत उभं असावं, तसा.

मी सरळ विमानाने राजधानीला, नासाऊला गेले. रक्त दिलं, फोटो काढले, छाती यंत्राच्या चिमट्यात धरून तिचेही काढले. मोठ्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या इथल्या जुन्या नमुन्यात घराण्यातून चालत आलेला एक बिघाड सापडला. तो मुलांत उतरतो किंवा उतरत नाही, नाणं उडवल्यासारखं. तुमच्यात उतरलेला नाही." मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "भावंडं?"

"एक भाऊ आहे. पण तो पुरुष."

"भाऊ सहसा पुरुषच असतात," त्या म्हणाल्या. "त्यांनाही घेऊन या."

मी ग्रॅनव्हिलला सांगितलं. तो एका मोळ्यावर हातोडा धरून उभा होता. इतका हसला की मोळा वाकडा गेला. "व्हर्नी, नासाऊला जाऊन छाती दाखवू? आणि काय सांगू, चोळी कोणत्या मापाची हवी ते?" शेजारी चिंचेखाली म्हातारा हेडली बसलेला असतो. त्याचे डोळे गेलेत जवळजवळ, तरी फळीवर हात फिरवून तो चूक सांगतो. तोही हसला, पण उशिरा हसला.

मी घरी आले. वास घरीच होता.

आता तो कपड्यांच्या घड्यांत होता. प्रार्थनेला जाताना टोपी काढली तर टोपीत होता. चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून नाक ओढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा समोर बघायला लागली. तिला आमच्या घरचं माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. ती पुढच्या रविवारी वाटीभर पेरूचं गोड घेऊन आली, आजाऱ्याकडे आणतात तसं.

मी तिला सांगितलं नाही की मी सुटले आहे. मग पापा कोणासाठी आले, हे तिने विचारलं असतं. घरात दुसरी बाई उरली नव्हती. ग्रॅनव्हिलची मुलगी डेनिका नासाऊला बँकेत आहे, पण तिला आम्ही कधी धरलंच नव्हतं. तिची आई एल्युथेराची. मर्टिस गेली तीही साखरेच्या आजाराने, साधीसुधी.

*

मर्टिस गेल्यापासून ग्रॅनव्हिलचे कपडे मी धुते. त्याच्या एका शर्टावर आतून डाग होता, डावीकडे, पातळ चहाच्या रंगाचा, नाण्याएवढा. होडीचा रंग असेल म्हणून मी घासला. पुढच्या खेपेला दुसऱ्या शर्टावर डाग होता. त्याच्या पुढच्या खेपेला तिसऱ्या.

रंग असता तर त्याने जागा बदलली असती.

मी ते शर्ट दोरीवर ओळीने वाळत घातले आणि समोर उभी राहिले. वारा आला की ते तिन्ही छाती फुगवायचे. तेव्हा मला मागून तो वास आला, आणि या वेळी मी वळले नाही. मी म्हणाले, "पापा, तो मुलगा आहे."

*

त्याला दवाखान्यात नेलं ते रक्तदाबाच्या नावाने.

नर्स स्टब्स नासाऊची, वयाने डेनिकापेक्षाही लहान. दाब बघून झाल्यावर मी म्हणाले, "याचा शर्टही काढून बघ." ग्रॅनव्हिलने माझ्याकडे असं पाहिलं की लहान असते तर मी पळाले असते.

"फळी लागली होती," तो म्हणाला. "उसळून."

"कधी?"

"क्रिसमसच्या सुमाराला."

नर्सने बोटांनी दाबून पाहिलं. डाव्या बाजूचं टोक आत ओढलं गेलं होतं, गादीला टाका घातल्यावर पडते तशी खळी. ती बराच वेळ दाबत राहिली. मग काखेत दाबलं.

"मार इतके महिने असा बसत नाही, मिस्टर कार्टराइट. ही गाठ आहे. कसली ते मी सांगू शकत नाही. नासाऊला सुई घालून बघतील. मी काही विचारते, खरं सांगा. लहानपणी गालफुगी झाली होती? त्यात खाली सूज आली होती?"

ग्रॅनव्हिलने शर्ट पुढे ओढून घेतला. मग, "हिला बाहेर पाठव."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "कोंबड्यांनाही माहीत आहे."

"दारू?"

"होड्यांच्या शर्यतीला."

"शर्यत वर्षातून एकदा असते," मी म्हणाले.

"मी सराव करतो."

नर्स हसली नाही. "डोळे पिवळट आहेत. यकृताचं कोणी काही बोललं होतं?"

"मागचा डॉक्टर बोलला होता. त्याची बदली झाली."

"प्रोस्टेटसाठी गोळ्या? छातीवर कधी किरणांचे उपचार?"

"नाही. नाही."

"वजन तर दिसतंच आहे."

"पोरी, हे वजन नाही. ही पुण्याई आहे."

"याचा आणि त्याचा काय संबंध?" मी विचारलं. "गालफुगीचा आणि छातीचा?"

"पुरुषालाही स्तन असतो, आत थोडासा. कधीच वाढत नाही, पण असतो. खाली इजा झाली, यकृत थकलं, अंगात चरबी वाढली, की शरीरातलं बाईपणाचं पाणी पुरुषपणाच्या पाण्यापेक्षा जड होऊ शकतं. मग तिथे गडबड व्हायची शक्यता वाढते. वाढते म्हणजे होतेच असं नाही. काहींना यातलं काहीही नसताना होतं. आणि वय. साठीनंतर जास्त." ती थांबली. "घरात कोणाला?"

"बायकांना," ग्रॅनव्हिल म्हणाला. "फक्त बायकांना. आई, मावशी, मोठी बहीण."

"मी बायका की पुरुष ते विचारलं नव्हतं."

पंख्याखाली कागद फडफडत होते. त्यावर तिने काचेचा पेपरवेट ठेवला.

"सगळ्यांत मोठं कारण तेच असतं," ती म्हणाली. "ते आईकडून मुलाला येतं, मुलीला येतं तसंच. मुलं किती तुम्हाला?"

"एक मुलगी." आणि मग, सीमेवर पासपोर्ट दाखवावा तसं, "तिची आई एल्युथेराची."

"अर्धं आईचं," नर्स म्हणाली. "अर्धं तुमचं."

*

घरी येताना गाडी मी चालवली. एका बाजूला मिठागरं, एका बाजूला समुद्र, दोन्हीकडून चमक. तो हात छातीवर आडवा ठेवून बसला होता.

"डेनिकाला कळता कामा नये."

"नासाऊला गेलास की कळेलच."

"म्हणून जाणार नाही."

"ग्रॅनव्हिल."

"तुला आठवतं, मी एमीलीशी लग्न करणार होतो? समोरच्या घरातली. तिच्या आजीलाही होतं छातीचं. आपलं एक आणि तिचं एक. मी तिला तोंडावर सांगितलं, तुझ्यात दोष नाही, पण मी माझ्या मुलीला हे देणार नाही. एमीली वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मी बोटीत बसून परक्या बेटावर गेलो. तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या छात्यांकडे बघत बसलो, चोरासारखा. लोकांनी काय काय म्हटलं मला. आणि मुलगी झाली तेव्हा मी आईच्या कबरीवर जाऊन सांगितलं, संपलं. इथे संपलं." तो खिडकीबाहेर बघत होता. "आणि आता तिला सांगू, की ते माझ्याच खिशात होतं?"

"सांग."

"ती विचारेल, मग मला का नाही दिलं पेटीवरून? तुमची मावशी गेली, ओलिव्हआत्या गेली. गावातल्या मुली दिल्या, शेजारच्यासुद्धा दिल्या. मीच म्हटलं होतं, माझ्या डेनिकाला गरज नाही. ऐटीत म्हटलं होतं."

"पेटीवरून दिलेल्या ओलिव्हचं काय झालं?"

त्याने खिडकीची काच वर चढवली.

"तू गप्प राहिलास तर मी तिला फोन करते," मी म्हणाले.

"तू केलास तर मी उपचार घेणार नाही. एकही नाही." त्याने आवाज चढवला नाही. "ती बाळाला घेऊन येते आहे बाप्तिस्म्याला. तोपर्यंत मला राहू दे. मग बघू."

असा सौदा होता. तो मरणार की जगणार, हे एवढंच नव्हतं त्यात. डेनिकाला वेळेत कळणार की नाही, हे होतं. आणि तोंड उघडायचं त्याच्या हातात होतं.

*

बाईला बायका आंघोळ घालतात. पुरुषाला पुरुष, दार लावून. बायका बाहेर येऊन एकमेकींना सांगतात काय दिसलं ते. आमच्या घराचं जे काही आम्हाला कळलं ते असंच कळलं. पुरुष बाहेर येतात, हात धुतात, रमचा घोट घेतात आणि हवामानावर बोलतात. गावातल्या मेलेल्या पुरुषांना हेडली तरुणपणापासून आंघोळ घालत आला आहे. त्याला जे माहीत आहे ते कोणी विचारलेलं नाही.

*

डेनिका सकाळच्या विमानाने आली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं, डोकं एखाद्या चिकूसारखं. चर्चच्या बायका भेटायला आल्या. एकीने बाळाचा लंगोट चाचपून पाहिला आणि म्हणाली, "मुलगा. देवाने सोडवलं या घराला." दुसरी म्हणाली, "डेनिकाची तर आधीच सुटका होती, आता रांगच मोडली." सगळ्या हसल्या. ग्रॅनव्हिल दारात उभा होता. त्याचा एक हात चौकटीवर होता. तो हात हळूहळू खाली आला.

घरात वास इतका होता की मी सगळ्या खिडक्या उघडल्या. डेनिका म्हणाली, "आत्या, वारा सुटलाय, बाळाला लागेल." मी पुन्हा लावल्या.

दुपारी जेवणं झाली. मटण, तूरदाण्यांचा भात, तळलेली केळी. ग्रॅनव्हिल जेवला नाही, ताटातलं नुसतं हलवलं आणि उठून होडीकडे गेला. थोड्या वेळाने डेनिका म्हणाली, "डॅडी असा काय वागतोय? फोनवरही तीन शब्द बोलतो." मी म्हणाले, "चल, बघून येऊ."

होडी चिंचेखाली ठोकळ्यांवर उभी होती. अर्ध्या फळ्या लागल्या होत्या, बाकीच्या बरगड्या उघड्या. हेडली त्याच्या खोक्यावर. ग्रॅनव्हिल होडीच्या आत चढला आणि तळाशी आडवा झाला. पाठ कण्यावर, हात पोटावर.

"माप घेतोस का?" हेडली म्हणाला. "तुला ती आखूड पडेल. पोट बाहेर राहील."

ग्रॅनव्हिलने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "व्हर्नी, तू त्या बाजूला जा. डेनिका, तू इथेच थांब. बाळाला माझ्यावरून व्हर्नीकडे दे."

डेनिका हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, कोणाचं तरी विसरलेलं असावं तसं.

"डॅडी, उठ. हा काय खेळ आहे?"

"दे ग."

"पेटीवरून देतात. मेलेल्या माणसावरून. तू जिवंत आहेस."

"असतानाच दे."

"आणि तो मुलगा आहे."

"मुलगा आहे म्हणूनच दे," ग्रॅनव्हिल म्हणाला. "मुलगा आहे म्हणून कोणी दिलं नाही, असं त्याने म्हणायला नको."

मी त्या बाजूला गेले होते. का गेले ते सांगता येत नाही. पाय गेले. दोन उघड्या बरगड्यांच्या मधून मला माझा भाऊ खाली दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे डेनिका, बाळाला घट्ट धरलेली. ग्रॅनव्हिलने शर्टाची बटणं सोडली. इतक्या उन्हात त्या शर्टाच्या आत दुसरा शर्ट होता. त्याचीही बटणं सोडली.

दोन शर्ट. मला फोटो आठवला. होडीला टेकलेले पापा, तेच ऊन. वास आता माझ्या मागे नव्हता. तो होडीतून येत होता.

"जवसाचं तेल आणलंय का कुणी?" डेनिका म्हणाली.

तिला तो यायला नको होता. तिला तो वास कधीच आला नव्हता.

तिने बाळ वरून दिलं नाही. तिने होडीला वळसा घातला, माझ्याजवळ आली, बाळ माझ्या हातात दिलं, आणि पुन्हा सगळा वळसा घालून परत गेली. मग चप्पल काढून आत चढली आणि बापाच्या बाजूला फळीवर बसली. त्याने तिचा हात धरून जागेवर ठेवला. हात ठेवणं एवढंच त्याच्याने झालं.

तिची बोटं थांबली, मग हलली, मग पुन्हा थांबली.

"कधीपासून?"

"फळी लागली—"

"डॅडी."

"क्रिसमसच्या आधीपासून."

तिने हात काढला नाही. "म्हणजे ते तुझ्याकडूनही येतं."

"नर्स म्हणते, अर्धं."

"मग मी."

"कदाचित."

"आणि हा." ती बाळाकडे बघत नव्हती.

"कदाचित हाही. म्हणून म्हटलं, दे."

तिने दुसऱ्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. वर चिंचेत पाखरं भांडत होती. मग म्हणाली, "तू आईला याच्यासाठी निवडलंस, हे मला माहीत होतं. आई सांगायची, हसत. म्हणायची, तुझ्या बापाने मला गाय पारखावी तशी पारखली." तिचा आवाज फाटला. "तुला वाटलं मी तुझ्यावर चिडेन?"

"तू चिडलीसच आहेस."

"चिडले आहे. तू इतके महिने शर्टावर शर्ट घालत बसलास म्हणून चिडले आहे. उठ. उद्याच्या विमानात बस माझ्याबरोबर."

"होडी अर्धी—"

"हेडलीकाका बघतील."

"मला फळी दिसत नाही, होडी काय बघू?" हेडली म्हणाला. पण तो खोक्यावरून उठला होता. काठी न घेता चार पावलं पुढे आला होता आणि ग्रॅनव्हिलच्या उघड्या छातीच्या दिशेने तोंड करून उभा होता. त्याला काय दिसत असेल, सावली. त्याने एक हात पुढे केला, जागा शोधणारा, फळीवर फिरवतो तसा. मग तो मागे घेतला आणि पँटला पुसला.

*

ग्रॅनव्हिलचं डाव्या बाजूचं सगळं काढलं. काखेतलंही. हात अजून पूर्ण वर जात नाही, हातोडा खांद्याच्या खालूनच मारावा लागतो. पोहोचायला उशीर झाला होता, पण फार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार नाही" म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. जिन बंद आहे. निदान माझ्यासमोर.

डेनिकामध्ये ते उतरलेलं आहे. तिला कळलं तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. ती आता दर वर्षी तपासून घेते, आणि पुढे काय काढायचं, काय ठेवायचं, ते ती आणि तिचा नवरा ठरवतील. बाळाचं तो मोठा झाल्यावर तो बघेल. त्याला सांगायचं मात्र, हे ठरलं आहे. चर्चच्या बायकांना हे डेनिकानेच सांगितलं, प्रार्थनेनंतर, उभी राहून. पुढच्या बाकावरची ती बाई दुसऱ्या आठवड्यात आपल्या दोन मुलग्यांना दवाखान्यात घेऊन गेली. ते दोघे वाटभर तिला ओशाळवाणं हसत होते.

वास गेलेला नाही. मी धरून चालले होते की जाईल. कधी आठवडे येत नाही, आणि मग बाळाचे कपडे घडी करताना येतो. आता मी म्हणते, "माहीत आहे पापा. सांगितलं आहे त्यांना." पण तो लगेच जात नाही. थोडा वेळ उभा राहतो, आपल्याला कोणी उचलेल या आशेने हात वर करून उभं असावं तसा.

होडी पाण्यात उतरवली त्या दिवशी हेडली माझ्याशेजारी बसला होता. लोक दोर ओढत होते, ग्रॅनव्हिल ओरडत होता. हेडली हवामानावर बोलला. मग म्हणाला, "व्हर्निटा, तुझ्या आजोबांना आंघोळ मी घातली होती. तो माझा पहिलाच. माझ्याबरोबरच्या मोठ्या माणसांनी सांगितलं होतं, हे या दारातच ठेवायचं." आणि मग त्याने सांगितलं.

*

पापा एनॉक वारले तेव्हा आई अजून धडधाकट होती आणि ग्रॅनव्हिल रांगत होता. त्यांच्या छातीच्या डाव्या बाजूला मूठ जाईल एवढी जखम होती, आणि पुरुषांनी दोन शर्ट घालण्याआधी तिच्यात होडीच्या फटींत ठोकतात तो कापूस भरला.